खुंटीवरचा लाल स्वेटर

१

आमच्या डोंगरधारेवर येणारी माणसं एका मुक्कामाची असतात. दुपारी जीप त्यांना खाली रस्त्यावर सोडते. दर वळणावर 'अजून किती' विचारत ती पायऱ्या चढतात, संध्याकाळी माझ्या लॉजात पोचतात, डाळभात खातात, सकाळी हिमाल, म्हणजे समोरचे बर्फाचे डोंगर, बघतात आणि उतरतात. ज्यांना खरं चढता येतं ते इथे थांबत नाहीत, वर निघून जातात. माझ्याकडे उरतात ते नवखे, नव्या बुटांनी टाचा सोलून घेतलेले. माझं घर त्यांच्यावरच चालतं, म्हणून त्यांना हसायचं ते चुलीपाशी, तोंडावर नाही.

पहाटे ढग नसले की मी पितळी थाळी बडवते. सगळे गोधड्या गुंडाळून अंगणाच्या कडेला, कुंपणापाशी येऊन उभे राहतात. आधी नुसतं करडं असतं. मग माछापुच्छ्रेच्या टोकाला एक गुलाबी ठिपका लागतो आणि एवढा वेळ बडबडणारी माणसं गप्प होतात. आम्ही घरची माणसं तेव्हा तिकडे बघत नाही, चहा गाळत असतो. माझी लेक जसू तर त्या वेळी म्हशीच्या पोटाखाली बसलेली असायची आणि तिथूनच ओरडायची, "आमा, तुझे पाहुणे रडायला लागले का ग? रडले की दुसरा कप मागतात."

कार्तिकातल्या एका पहाटे मी किटली घेऊन बाहेर आले तर जसू पाहुण्यांच्या रांगेत उभी होती. डोक्यावरून गोधडी ओढलेली, हात काखेत. आजारातून उठून तिला थोडेच दिवस झाले होते. पोर स्वतःच्या पायांनी अंगणात आली याचंच मला बरं वाटलं.

"आमा," ती हळूच म्हणाली, "यातला माछापुच्छ्रे कुठला?"

मी हसले. "तुझ्या बापाच्या नाकासारखा दिसतोय तो."

ती हसली नाही. मी कुठे बोट दाखवते म्हणून माझ्या हाताकडे बघत राहिली.

माझ्या पाठीवर बांधलेली होती तेव्हापासून तिने तो डोंगर पाहिला आहे. शाळेत पाटीवर पहिलं चित्र काढलं ते त्याचंच, शेपटीसकट, कारण माछापुच्छ्रे म्हणजे माशाचं शेपूट. थट्टा करते आहे म्हणावं तर चेहरा गंभीर. शेवटी मी बोट दाखवलं. तिने त्या बोटाच्या टोकापासून हिमालापर्यंत नजर नेली आणि कितीतरी वेळ बघितलं.

"धन्यवाद," ती म्हणाली.

माझ्या पोरीने मला आयुष्यात कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं.

२

आधीचं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

फागुनात कॉलेजातल्या मुलामुलींचा एक घोळका आला होता. खाली सपाटीवरचे, जनकपूरकडचे. त्यात निभा नावाची मुलगी होती. अंगात फुलाफुलांचा पातळ कुर्ता, वर बहिणीच्या लग्नात मिळालेली जरीची शाल, आणि दात असे वाजत होते की चुलीपाशी ऐकू यावेत.

"हिमाल बघायला आलीस का वरातीला?" मी विचारलं.

"दिदी, आमच्याकडे थंडी म्हणजे धुकं," ती म्हणाली. "तुमची थंडी तर चावते."

मी खुंटीवरचा जसूचा लाल स्वेटर काढून तिच्या अंगात घातला. तो मीच विणलेला. पातळ कपड्यांत येणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी तोच द्यायची, कारण तोच सगळ्यात ऊबदार. जसू भांडी घासता घासता म्हणाली, "मी काय तुझी मेंढी आहे का ग आमा? दर वेळी माझीच लोकर काढतेस." निभा हसून हसून वाकली. झोपायला जाताना तिने विचारलं, "दिदी, त्यातला माछापुच्छ्रे कसा ओळखायचा ते आत्ताच सांगा. सकाळी मी सगळ्यांच्या आधी ओळखणार." ढग होते. मी म्हटलं, सकाळी बोटाने दाखवीन.

पहाटे माझी थाळी वाजायच्या आधीच ती कुंपणाबाहेर गेली. फोटोत शाल दिसावी म्हणून स्वेटर काढून तिने कुंपणाच्या खांबावर ठेवला. गवतावरचं दंव गोठलेलं होतं. फोटो काढणारा मुलगा नंतर सांगत होता की ती फोनच्या चौकटीतून एकदम खाली गेली. ओरडलीसुद्धा नाही. गावातल्या पुरुषांनी तिला खालच्या गवताच्या उतारावरून वर आणलं, तेव्हा तिच्यात जीव नव्हता. हिमाल त्या दिवशी फार स्वच्छ निघाला. कुणी बघितला नाही.

स्वेटर खांबावर तसाच होता, त्याला काही लागलेलं नव्हतं. मी तो दारामागच्या खुंटीवर अडकवला. त्यानंतर कुणाला दिला नाही. जसूनेही मागितला नाही.

दसैं, आमचा दसरा, उलटल्यावर जसू चाऱ्याला गेली ती त्याच उतारावर. तिथे जाऊ नको म्हणून मी सांगितलं होतं, पण गवत तिथेच चांगलं येतं, आणि पोर माझी, ऐकेल कशाला. तिन्हीसांजेला परत आली ती मोकळ्या हातांनी. पाठीवर डोको नव्हती. डोको म्हणजे आमची बांबूची उंच टोपली, कपाळावरच्या पट्ट्याने पेलायची. कमरेला विळाही नव्हता. येऊन चुलीपाशी बसली. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नाही. हाक मारली तर वळेना, घास दिला तर गिळेना. आरोग्यचौकीतल्या बाईने डोळ्यांवर बॅटरी मारली आणि म्हणाली, शरीरात काही दोष नाही.

आमच्यात म्हणतात, दचकलेल्या माणसाचा सातो वाटेत राहून जातो. सातो म्हणजे आतलं ते, जे हाक मारल्यावर वळतं. मी घरात औषधांची पेटी ठेवणारी बाई आहे. पण पोर जेवेना तेव्हा पच्यूला बोलावलं. आम्हा गुरुंगांचे सातो हाकारून आणणारे ते पच्यू. आमच्या गावचे पच्यू एका कानाने बहिरे आहेत, आम्ही त्यांना बाजे म्हणतो, म्हणजे आजोबा. निम्म्या गावाचा जीव त्यांनी परत आणला आहे, आणि उरलेल्या निम्म्याने त्यांना उशिरा बोलावलं, असं ते स्वतःच सांगतात.

"तिच्या अंगावरचा कपडा दे माइली," बाजे मला म्हणाले. मी आईबापाची दुसरी लेक, म्हणून गावाची माइली. "न धुतलेला. घाम पाहिजे."

आता मला धुण्याची खोड. पोर अंथरुणाला खिळली तशी मी तिचं सगळं उकळत्या पाण्यातून काढलं होतं. न धुतलेला उरला होता तो खुंटीवरचा एकच. माझ्या मनात काही आलंच नाही असं मी म्हणणार नाही. पण मी म्हटलं, लोकर माझी, विणला मी, तीन हिवाळे घातला जसूने. एका रात्रीपुरता दुसरीच्या अंगावर गेला, तेवढ्याने काय होतं.

"तिचाच ना?" बाजेंनी विचारलं.

"तिचाच."

दिवेलागणीला बाजे स्वेटर छातीशी धरून खालच्या वळणापासून पायऱ्या चढत आले. नाव घ्यायचं नसतं, त्या वेळी वाटेवर कोण कोण ऐकत असतं. नुसतं म्हणायचं, "ये ग लेकी, ये. आई दारात उभी आहे. चूल पेटली आहे. भात शिजला आहे. ये." आणि मागे वळून बघायचं नाही. बघितलं की येणारी तिथेच थांबते. दाराशी येऊन त्यांनी विचारलं, "आली का?"

घरातल्याने उत्तर द्यायचं असतं. मी म्हटलं, "आली."

माझ्या पाठीमागे जसूने मान वळवली आणि पाणी मागितलं. मी तिथेच भुईवर बसले आणि रडले. बाजेंनी कोंबडा पोटभर खाल्ला.

३

खटकायला लागलं ते पायऱ्यांवरून. जसू आमच्या दगडी पायऱ्या शेळीसारखी चढायची. आता ती एका पायरीवर एक पाय ठेवायची, दुसरा त्याच्या शेजारी आणायची, मग पुढची पायरी. सपाटीवरची माणसं तशी चढतात. अशक्तपणा असेल, मी म्हटलं. चुलीच्या धुराने डोळ्यांतून पाणी काढायची, तोही अशक्तपणा. कोदोचा ढिंडो, आमची नाचणीची घट्ट उकड, ताटात नुसता फिरवत बसायची, तोंडाला चव नसेल. पण सकाळी उठल्यावर गोधडीची चौकोनी घडी घालून तिच्यावर उशी ठेवायची, पाहुणे निघताना ठेवतात तशी. हे कुठल्या आजारात बसवू?

भुरी म्हैस तिला जवळ येऊ देईना. ती हात लावायला गेली की लाथ.

नवरा मलेशियात एका कारखान्यावर पहारा करतो. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काल बोलली माझ्याशी. किती गोड बोलली. मुलगी शहाणी झाली म्हणून रडणारी आई मी पहिल्यांदा बघतोय."

"तिने भांडण केलं का तुझ्याशी?"

"नाही."

"मोबाईल मागितला?"

"नाही ग."

"मग ती कोण आहे सांग," मी म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

आणि संध्याकाळ झाली की ती माझ्याशेजारी येऊन उभी राहायची, आभाळाकडे बघत. "उद्या दिसेल का?" रोज एकच. मी दिसेल म्हटलं की समाधानाने आत जायची. कधी म्हणायची, "उद्या बघून झालं की निघते." मी विचारलं, कुठे निघतेस? तर गोंधळून माझ्याकडे बघायची. मला तिची भीती वाटायची, आणि त्याहून वाईट म्हणजे कीव यायची.

मग तो आवाज.

भरलेली डोको भिंतीवर टेकवली की एक ठराविक आवाज होतो. आधी बांबू दगडाला घासतो, मग चारा दम सोडल्यासारखा खाली बसतो. जसू रोज दिवेलागणीला मागच्या भिंतीवर डोको टेकवायची. एका संध्याकाळी मी भात वेळत होते, ती माझ्यासमोर चुलीपाशी बसली होती, आणि मागच्या भिंतीवर डोको टेकली.

"उशीर केलास," मी सवयीने म्हणाले. मग समोर बघितलं.

समोरची शांतपणे शेकत बसली होती. तिने काही ऐकलंच नव्हतं.

मी बाहेर गेले. भिंत मोकळी. पण भुरी गव्हाणीत तोंड घालून उभी होती, कान पुढे करून, चारा पडायची वाट बघत.

शेजारणीची डोको असेल, वारा असेल, माझं वय असेल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भिंतीपाशीच थांबले. आवाज आला, पण अंगणाखालच्या पायरीवरून. त्यानंतर चौतारीच्या कट्ट्यावरून, जिथे ओझंवाले टेकतात. रोज थोडा खालून. घरात आपली जागा भरलेली बघून कुणी परत जावं, आणि दर संध्याकाळी जरा कमी वाट चालून यावं, तसा.

४

बाजे उन्हात बसून टोपली विणत होते. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं. ते विणत राहिले. डोकोच्या आवाजाचं ऐकल्यावर मात्र हात थांबले.

"तो स्वेटर. शेवटचा कुणी घातला होता?"

मी सांगितलं.

त्यांनी टोपली बाजूला ठेवून विडी पेटवली. "मी लेकी म्हणून हाक मारली," ते म्हणाले. "आई दारात उभी आहे म्हटलं. जिच्या वासाने हाक गेली, तीच आली. तिचं काय चुकलं?"

"माझी बाहेर आहे," मी म्हटलं. "तुम्हाला कुणाचं चुकलं ते पडलंय."

"ओरडू नको, हा कान चांगला आहे."

"तिला काढा बाजे."

"काढीन. कुत्रं हाकलतात तसं हाकलता येतं. जाईल कुठे? तुझ्याच दारात बसेल. थंडीत." त्यांनी विडीचं थोटूक विझवलं. "तिला तिच्या घरचं कुणी बोलावलं पाहिजे. आपल्या माणसाची हाक आली की परक्या चुलीपाशी कुणी बसत नाही. आवाज आता कुठून येतो म्हणालीस?"

"चौतारीच्याही खालून."

"मग वेळ घालवू नको माइली. ऐकू येईनासा झाला की मला बोलावू नकोस."

निभाच्या आईचा नंबर माझ्याकडे होता. तेव्हा तिने एकदा फोन करून विचारलं होतं, पोरीचं एक पैंजण तुमच्याकडे राहिलं का. राहिलं नव्हतं. मी फोन लावला.

"तुमच्या मुलीचा एक कपडा माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "पोस्टाने पाठवण्यासारखा नाही. या."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग ती बाई म्हणाली, "तिचा बाप येऊ देत नव्हता इतके दिवस. आता येते."

५

ती आली ती दुपारच्या पाहुण्यांच्या मागून, एकटी. सुती साडी, वर पुरुषाचा कोट, पायांत चपला. मान खाली घालून चढत होती. एका पायरीवर एक पाय, मग दुसरा त्याच्या शेजारी, मग पुढची पायरी. मी अंगणातून बघत होते आणि माझ्या हातातलं भांडं मला जड झालं.

दुपार स्वच्छ होती, हिमाल उघडा पडला होता. पाहुणे कुंपणापाशी गर्दी करून होते. ती त्या बाजूला पाठ करून अंगणातल्या कट्ट्यावर बसली.

"तिकडे मी बघणार नाही दिदी," ती म्हणाली. "शपथ घेतलीय. ते बघायलाच आली होती ना ती."

"नका बघू. दगडच आहेत."

"तिला थंडी वाजत होती का, त्या सकाळी?"

"नाही. माझ्या लेकीचा स्वेटर दिला होता मी. लोकरीचा."

तिने डोळे मिटले. "मला तेवढंच विचारायचं होतं."

मी आतून स्वेटर आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो नाकाशी धरला आणि तशीच राहिली. तेवढ्यात माझी पोर चहा घेऊन आली. एक पाय, मग दुसरा. कप ठेवला. त्या बाईकडे बघितलं. ओळखलं असं काही चेहऱ्यावर उमटलं नाही, ते मी नीट बघत होते. पण ती परत गेली नाही. कट्ट्याखाली त्या बाईच्या पायाशी बसली, तिच्याकडे पाठ करून, आणि मान जराशी मागे कलती केली.

तेल लावून घ्यायला मुलगी आईपुढे बसते, तशी.

जसूला डोक्याला कुणी हात लावलेला खपायचा नाही. नऊ वर्षांची झाली तेव्हापासून स्वतःची वेणी स्वतः घालते.

त्या बाईने स्वेटर बाजूला ठेवला. पिशवीतून मोहरीच्या तेलाची छोटी बाटली काढली, माझ्या पोरीची वेणी सोडली आणि बोटं केसांत घातली. कुंपणापाशी पाहुणे हसत होते, फोटो काढत होते. मी उभी होते. माझ्या लेकीचा चेहरा तसा सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता. मला सांगायला लाज वाटत नाही, मला मत्सर वाटला.

अंधार पडायच्या सुमारास मी एकटीच खाली चौतारीपर्यंत गेले आणि कान देऊन उभी राहिले. डोको टेकली. फार खाली, रानाच्या तोंडाशी कुठेतरी. माझ्या ध्यानात आलं नसतं, इतकी हलकी.

परत आले तेव्हा ती बाई तिथेच बसली होती, मांडीवर झोपलेल्या माझ्या पोरीचं डोकं.

"तुमची मुलगी गुणी आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तेल लावताना झोपली. आमचीही झोपायची." आणि मग, माझ्याकडे न बघता, "दिदी, ही माझ्याबरोबर येईल का?"

"माझी येणार नाही," मी म्हटलं. "तुमची येईल. सकाळी सांगते कसं ते."

तिने काय, कसं, काही विचारलं नाही.

६

सकाळी मी तिला दाराशी उभं केलं. स्वेटर तिच्या छातीशी दिला.

"घरी जेवायला कशी हाक मारायचात?"

"बुच्ची म्हणायचे. बुच्ची, चल, माछ-भात वाढलाय."

"तशीच मारा. जीपपर्यंत मारत जा, मग गाडीत मनातल्या मनात. आणि मागे वळून बघायचं नाही. काही झालं तरी. घराचा उंबरा ओलांडेपर्यंत."

"त्या डोंगरांकडे मला बघायचंच नाही," ती म्हणाली.

ती उतरायला लागली. "चल बुच्ची, घरी चल. माछ तळलाय. तिलकोराची पानं तळलीत. चल." आवाज आधी फाटका येत होता, मग नीट झाला, रोजचा झाला. माझी पोर पाहुण्यांच्या रांगेतून गोधडी गुंडाळून बाहेर आली. हिमालावर नुकतं ऊन आलं होतं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पायऱ्यांकडे. पुढे येऊन मला हात जोडले, निघणारे पाहुणे जोडतात तसे. मग तिच्या डोळ्यांतलं माणूस गेलं. मी धरली म्हणून पडली नाही. गोधडी खाली घसरली.

खालून आवाज येत राहिला, "चल बुच्ची," खालच्या वळणापर्यंत. तिथे तो थांबला. वळणाआड गेली असेल, असं मी धरलं.

दुपारी मी त्या गवताच्या उतारावर उतरले. जसूची डोको तिथेच उलटी पडली होती, आत कोळ्याने जाळं केलेलं. मी तिचा नाम्लो सोडवला, कपाळावरून घेतात तो पट्टा. मधोमध काळा झालेला, घामाने कडक. हे आधी सुचलं असतं तर. पण कपडा म्हटलं की आम्हाला अंगातलाच आठवतो.

बाजेंना जसूपाशी बसवलं. त्यांनी सांगितलं, आईनेच हाकारलं तर हरकत नाही, वाट लांबची आहे. सूर्य टेकताना मी रानाच्या तोंडाशी पोचले, नाम्लो छातीशी धरला आणि वर निघाले. नाव घ्यायचं नसतं. मी घेतलं. एकदा लेकी म्हणून फसले होते.

"जसू. जसकुमारी. माझी, या रनमायाची जसू. चल. म्हैस आटली तुझी. बापाला मी काय तोंड दाखवू? मेंढी म्हणायचीस ना स्वतःला, चल, दुसरा विणते. पिवळा. कुणाला देणार नाही. ये म्हटलं ना."

रान संपेपर्यंत काही नाही. मग मागे, बरंच खाली, बांबू दगडाला घासला.

मी थांबले नाही. पुढच्या टेकण्याच्या कट्ट्यावर पुन्हा आवाज, जवळून. मान दुखायला लागली, पाठीमागे बघावं म्हणून ती स्वतःच वळत होती. खालचं वळण आलं. तिथे मला वाटलं, वाटेच्या कडेला कुणीतरी उभं होतं ते सरकलं आणि आम्हाला वाट दिली, ओझंवाला आला की पाहुणे देतात तशी. मी तिकडेही बघितलं नाही. चालत राहिले, हाका मारत राहिले. चौतारी. अंगणाखालची पायरी. मागच्या भिंतीवर डोको टेकली आणि भुरी हंबरली.

दारात उभी राहून मी विचारलं, "आली का?"

आतून काही नाही.

"आली का?"

बाजे बहिरे आहेत, मी मनात म्हटलं. चुकीचा कान इकडे असेल. तिसऱ्यांदा मी ओरडून विचारलं.

"आली," बाजे म्हणाले. आणि त्यांच्या मागून दुसरा आवाज, घोगरा, चिडलेला, "केसांना कसलं तेल थापलंय हे, आमा? वास येतोय."

७

जसू आता पायऱ्या शेळीसारखी चढते. पहाटे म्हशीखाली बसून पाहुण्यांची नक्कल करते. हिमालाकडे ढुंकून बघत नाही. त्या दिवसांतलं तिला काही आठवत नाही. एवढंच म्हणते, खूप चालले, आणि दर वेळी घरात दिवा लागलेला दिसला. मी पुढे विचारत नाही.

पुसाच्या, म्हणजे पौषाच्या सुरुवातीला त्या बाईचा फोन आला.

"दिदी, घरी कुणी आलं नाही."

मी फोन घेऊन अंगणात गेले.

"तुम्ही सांगितलं होतं तसंच करत होते. तुमच्या खालच्या वळणावर ती मागून म्हणाली, माय, बघ ना. एकदाच बघ. किती लाडाने म्हणाली. आयुष्यात तिने काही दाखवलं आणि मी बघितलं नाही, असं झालं नव्हतं." ती थांबली. "मी वळले. ती दिसली नाही. ते डोंगर दिसले."

"स्वेटर आहे ना? तो घेऊन पुन्हा या. मी येते खाली न्यायला."

"उशाशी घेऊन झोपते रोज," ती म्हणाली. "आता त्याला माझाच वास येतो."

मग तिनेच विचारलं, "एवढे सुंदर असतात का ते रोज?"

मी म्हटलं, ढग नसले तर.

वर येणारे पाहुणे अधूनमधून सांगतात, खालच्या वळणावर कुणीतरी म्हणालं, मागे बघा, म्हणून आम्ही बघितलं आणि हिमाल दिसला. छान जागा आहे, तिथे बाक टाका, असा सल्लाही देतात. मी डाळ वाढते.

मला एक सवय तेवढी मोडावी लागली. दिवेलागणीला पोर आली नाही की कुठल्याही आईच्या तोंडात जे येतं, 'ये ग लेकी', ते मी बोलत नाही. जसूला पूर्ण नावाने हाक मारते. ती चिडते. "जसकुमारी गुरुंग, जसकुमारी गुरुंग. मी काय पोलीस चौकीत आहे का ग?" मग चारा टाकता टाकता हसते.

काल ढग लवकर उतरले. जसू अजून चाऱ्यावरून यायची होती. मी दारात आले तर खालच्या वळणावर कुणीतरी होतं. डोक्यावरून काही ओढलेलं, हात काखेत. एक पाय वरच्या पायरीवर ठेवलेला, दुसरा अजून खाली. तोंड माझ्या घराकडे.

चूल पेटली होती. भात शिजला होता. मी दारात उभी होते. फक्त म्हणायचं बाकी होतं.

मी शालीचा बोळा तोंडाशी धरला आणि जसूची डोको भिंतीवर टेकेपर्यंत तशीच उभी राहिले.